खातेदार तीच, कर्मचारीही तीच

इंदूरमधल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत कर्ज विभाग सांभाळणाऱ्या एका अधिकारी बाईंचं हे प्रकरण आहे. बँक, शाखा आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. यात चोरी नाही, अफरातफर नाही, कोणी कोणाचा पासवर्डही वापरलेला नाही. प्रत्येक कागद नियमाने हलला, आणि तरीही एका बाईची अत्यंत खाजगी गोष्ट तिच्या नोकरीच्या फाइलमध्ये जाऊन बसली.

बाईंचा पगार त्याच बँकेच्या खात्यात येतो. नोकरी लागली की पगाराचं खातं तिथंच उघडलं जातं, तिथं निवडीचा प्रश्न येत नाही. फ्लॅटचं कर्ज कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या व्याजाने घेतलेलं, तेही तिथलंच. लॉकर तिथं, यजमानांबरोबरचं जोडखातं तिथं. घरात येणारा आणि घरातून जाणारा जवळजवळ प्रत्येक रुपया मालकाच्या नजरेखालून जातो. दुसऱ्या कुठल्या नोकरीत साहेबाला आपला पगार माहीत असतो, पण तो पगार आपण कुठं खर्च केला हे माहीत नसतं. बँकेच्या कर्मचाऱ्याला ही साधी आडभिंतही मिळत नाही.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं म्हणून दोघांनी आयव्हीएफचे उपचार सुरू केले. घरात फक्त सासूबाईंना ठाऊक. खर्च हाताबाहेर जायला लागला तेव्हा बाईंनी पाटल्या आणि बांगड्या गहाण ठेवून आपल्याच शाखेत गोल्ड लोनसाठी अर्ज केला. दुसऱ्या बँकेत जाता आलं असतं, पण मग खात्याची आणि पगाराची कागदपत्रं नव्याने द्या, शिवाय व्याज जास्त. अर्जात उद्देशाच्या रकान्यात त्यांनी 'घरगुती खर्च' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

मंजुरीची सही शाखा व्यवस्थापकांची. बाईंसारखेच तेही मराठी, इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरांतलं येणंजाणं असलेले. बाई त्यांना ऑफिसात 'सर' म्हणतात आणि बाहेर 'काका'. त्यांनी सीबीएसमध्ये, म्हणजे बँकेच्या संगणक प्रणालीत, बाईंचं खातं उघडलं, मागच्या काही महिन्यांचं स्टेटमेंट पाहिलं, कर्ज मंजूर केलं. इथपर्यंत सगळं कामाचं होतं. कर्ज द्यायचं तर परतफेडीची ऐपत बघावीच लागते.

स्टेटमेंटमध्ये मात्र ऐपतीपेक्षा बरंच काही दिसतं, आणि हा बदल गेल्या काही वर्षांतला आहे. पूर्वी पासबुकात चेकचा नंबर आणि रक्कम छापून यायची. पैसे काढून रोख दिले तर कोणाला दिले ते कोणालाच कळायचं नाही. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि हळूहळू भाजीपासून डॉक्टरांच्या फीपर्यंत सगळं त्यावर गेलं. आता प्रत्येक ओळीत घेणाऱ्याचं नाव असतं. कोणत्या केंद्रात गेलो, महिन्यातून किती वेळा गेलो, औषधं कुठून घेतली, सोनोग्राफी कुठं झाली, हे सगळं तारखेसकट. बाईंच्या स्टेटमेंटमध्ये इंदूरच्या एका वंध्यत्व उपचार केंद्राचं नाव पुन्हापुन्हा येत होतं. काकांना एक शब्दही विचारावा लागला नाही.

इथून ती माहिती दोन वाटांनी बाहेर पडली.

पहिली वाट घरची. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बाई एका ओळखीच्या घरी गेल्या होत्या. कैरीची डाळ हातात देता देता व्यवस्थापकांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "अगं, त्या डॉक्टरांकडे चांगला गुण आहे म्हणतात. आमच्या भाचीला तिथंच दिवस राहिले. काळजी करू नकोस." शेजारी आणखी दोघी बसलेल्या होत्या. बाई मला म्हणाल्या की त्या क्षणी त्यांना रागापेक्षा उघडं पडल्यासारखं वाटलं, कारण बोलणाऱ्या काकूंच्या आवाजात खरोखर माया होती.

इंदूरच्या मराठी समाजाची घडण इथं लक्षात घ्यायला हवी. या शहरात मराठी घरांतून बँकेच्या नोकरीची परंपरा जुनी आहे. १९२० साली तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात निघालेली बँक ऑफ इंदूर पुढे स्टेट बँक ऑफ इंदूर झाली आणि २०१० मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. तिथं आणि इतर बँकांत नोकरी केलेली माणसं कितीतरी मराठी कुटुंबांत सापडतात. समाज आटोपशीर, गणेशोत्सवात आणि हळदीकुंकवाला तीच तीच माणसं भेटणार. अशा ठिकाणी शाखेतली गोष्ट शाखेत राहिली नाही तर ती शहरभर पसरत नाही, ती नेमकी आपल्याच माणसांत पसरते. तेच जास्त लागतं.

दुसरी वाट कागदाची, आणि प्रकरणाचं खरं वजन तिच्यात आहे. मार्च क्लोजिंग झालं की बदल्यांचा मोसम सुरू होतो. बाईंचं नाव झाबुआच्या यादीत येण्याची शक्यता होती. इंदूरपासून झाबुआ दीडशे किलोमीटरच्या आसपास. सासऱ्यांच्या आजारपणाचं कारण देऊन त्यांनी इंदूरमध्येच ठेवण्याची विनंती केली होती. अर्ज रीतीप्रमाणे 'थ्रू प्रॉपर चॅनल' म्हणजे व्यवस्थापकांच्या शिफारशीसह झोनल ऑफिसला गेला. शिफारशीत काकांनी आपण होऊन एक वाक्य घातलं: सदर अधिकारी स्वतःही वैद्यकीय उपचार घेत आहेत, पुढच्या काळात त्यांना दीर्घ रजा लागू शकते, तरी त्यांना इंदूरमध्येच ठेवावं.

झोनल ऑफिसने ते वाक्य वाचलं आणि आपला अर्थ काढला. बाई इंदूरमध्ये राहिल्या, पण कर्ज विभागातून काढून त्यांना पेन्शनच्या टेबलावर देण्याचा प्रस्ताव तयार झाला. दीर्घ रजा लागणार असेल तर कर्जासारखं टेबल कशाला, असा त्यामागचा विचार. बँकेत पुढच्या बढतीच्या मुलाखतीत कर्जाचा अनुभव किती मोलाचा असतो हे बँकेतला कोणीही सांगेल. झोनल ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडून बाईंना हे कळलं. त्या व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेल्या आणि सरळ विचारलं. उत्तर आलं, "मी वाईट काय लिहिलं? तुला झाबुआला पाठवू नये म्हणूनच लिहिलं ना."

त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण चांगल्या हेतूने झालं म्हणून नुकसान हलकं होत नाही. सासऱ्यांचं आजारपण सांगायचं आणि आपले उपचार सांगायचे नाहीत हा निर्णय बाईंनी विचार करून घेतला होता. त्यांना हवं असतं तर त्यांनी स्वतः ते लिहिलं असतं, डॉक्टरांचं पत्र जोडलं असतं आणि रजेचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडला असता. तो निर्णय दुसऱ्याने त्यांच्या वतीने घेतला, आणि तोही त्यांच्या बँक खात्यात वाचलेल्या गोष्टीवरून.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने उपचार केंद्रांवर जोडप्याची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे. त्या केंद्राने ते पाळलं. डॉक्टरांनी, नर्सने, रिसेप्शनवरच्या मुलीने कोणाला काही सांगितलं नाही. गोष्ट फुटली ती बिल भरल्याच्या नोंदीतून.

बाईंच्या मनात पहिला विचार आला तो एचआरकडे तक्रार करण्याचा. माझ्याकडे त्या सल्ल्यासाठी आल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं. कर्मचारी म्हणून तक्रार करायची तर ती पुन्हा थ्रू प्रॉपर चॅनल, म्हणजे त्याच व्यवस्थापकांच्या टेबलावरून जाणार. शिवाय ती तक्रार बदलीबद्दलची ठरणार, आणि बदली हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे असं एका ओळीचं उत्तर येणार. त्यांच्यावर अन्याय झाला होता तो आधी खातेदार म्हणून. म्हणून पत्र खातेदाराचं हवं. साध्या कागदावर, खाते क्रमांक घालून, हुद्दा आणि कर्मचारी क्रमांक न लिहिता, बँकेच्या ग्राहक तक्रार विभागाला. मजकूर असा ठरला: गोल्ड लोनच्या कामासाठी माझ्या खात्यातली माहिती पाहिली गेली, त्याला माझी हरकत नाही; त्या माहितीचा काही भाग कर्जाशी संबंध नसलेल्या कार्यालयाला कळवला गेला, तो कोणत्या नियमाखाली कळवला हे लेखी सांगावं; आणि जिथं जिथं तो नोंदला गेला आहे तिथून काढून टाकून तसं मला कळवावं. हळदीकुंकवाचा उल्लेख त्यात केला नाही. ते सिद्ध करता आलं नसतं आणि पत्राचा रोख भांडणाकडे गेला असता.

उत्तर आलं ते एचआरकडून. पत्रावर बाईंचा कर्मचारी क्रमांक होता आणि ते शाखा व्यवस्थापकांमार्फत, उघड्या स्वरूपात, त्यांच्या हाती आलं. खातेदाराची गोपनीयतेबद्दलची तक्रार ज्याच्याबद्दल आहे त्याच माणसाच्या हातून परत येते, यापेक्षा या प्रश्नाचं स्पष्ट चित्र मला दुसरं दाखवता येणार नाही. उत्तराचा सारांश असा की कर्मचाऱ्यांची खाती देखरेखीखाली असतात, सेवाशर्तींनुसार ते मान्य आहे, आणि खातं कर्जाच्या अधिकृत कामासाठीच उघडलं गेलं होतं.

बँकेचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्याच्या हातात दुसऱ्यांचे पैसे आहेत त्याच्या खात्यावर लक्ष ठेवायलाच हवं. बोगस कर्जाचा पैसा अनेकदा आतल्याच कोणाच्या खात्यातून फिरतो. अधिकाऱ्यांना दरवर्षी मालमत्ता आणि देण्यांचं विवरण द्यावं लागतं ते त्याचसाठी. एखाद्याच्या खात्यात कर्जदाराकडून रक्कम आली तर विजिलन्सने, म्हणजे बँकेच्या दक्षता विभागाने, ती पाहिली पाहिजे, आणि आधी त्याला कळवून पाहावी असंही कोणी म्हणणार नाही. आम्हा बँकेतल्या माणसांना ही देखरेख जाचत असली तरी तिच्यावाचून ठेवीदारांचा विश्वास टिकणार नाही, असं माझं पक्कं मत आहे.

पण ही देखरेख कशासाठी आहे ते बघा. खात्यात संशयास्पद पैसा आला का, हे बघण्यासाठी. गेलेला पैसा कोणत्या डॉक्टरकडे गेला हे लक्षात ठेवून बदलीच्या फाइलमध्ये लिहिण्यासाठी ती नाही. विजिलन्सच्या तपासणीला आदेश असतो, अधिकारी ठरलेला असतो, अहवाल असतो. इथं त्यातलं काहीच नव्हतं. खातं उघडण्याचं कारण गोल्ड लोन होतं हे बँकेनेच लेखी मान्य केलं. मग ती माहिती गोल्ड लोनच्या कागदांबरोबरच संपायला हवी होती. बँकेच्या उत्तरातलं हेच वाक्य बाईंच्या बाजूचं सर्वांत भक्कम वाक्य ठरलं.

कायद्यातही यासाठी आधार जुना आहे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्याचं कलम १३ ग्राहकांच्या व्यवहारांची गुप्तता पाळायला सांगतं, आणि कामावर रुजू होण्याआधी प्रत्येक कर्मचाऱ्याकडून तशी प्रतिज्ञा लिहून घेतली जाते. व्यवस्थापकांनी तिच्यावर सही केली होती, बाईंनीही केली होती. ती प्रतिज्ञा ग्राहकांसाठी आहे, आणि कर्मचारी असलेला ग्राहक त्यातून वगळलेला नाही.

इंग्लंडमधला १९२४ चा टूर्निए खटला बँकेच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने वाचलेला असतो, पण त्यातली मूळ हकिगत फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. टूर्निएचं खातं ओव्हरड्रॉ झालं होतं, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त पैसे काढले गेले होते. त्याचा घरचा पत्ता हवा म्हणून बँकेच्या मॅनेजरने त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता सांगून टाकलं की हा माणूस देणं चुकवतोय आणि त्याचा पैसा पैजा घेणाऱ्यांकडे जातोय असं दिसतं. टूर्निएची नोकरी पुढे चालू ठेवली गेली नाही. कोर्टाने बँकेचं गुप्ततेचं बंधन मान्य केलं आणि त्याला चार अपवाद सांगितले: कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची संमती. आपल्या प्रकरणात बँक आणि मालक एकच असल्यामुळे फोन करायचीही गरज पडली नाही, एवढाच फरक. बँकेचे वकील इथं तिसऱ्या अपवादाकडे बोट दाखवतील. माझ्या मते ते हित बँक म्हणून असलेलं हित आहे, म्हणजे थकलेलं कर्ज वसूल करताना हिशेब कोर्टापुढे ठेवण्यासारखं. कर्मचाऱ्याला कोणत्या टेबलावर बसवायचं हे मालकाचं हित झालं, बँकरचं नव्हे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या २००४ च्या निकालात म्हटलं की गोपनीयता जागेला नसते, माणसाला असते. कागद बँकेकडे दिले म्हणून ते खाजगी राहत नाहीत असं होत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता मूलभूत हक्क ठरवली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बँक खात्याची माहिती आणि आरोग्याची माहिती दोन्ही संवेदनशील मानल्या आहेत, आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी ती वापरावी असं सांगितलं आहे. बाईंच्या स्टेटमेंटमधली एकच ओळ एकाच वेळी या दोन्ही प्रकारांत बसते.

नव्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याबद्दल, म्हणजे २०२३ च्या कायद्याबद्दल, मला थोडी काळजी वाटते. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायला मुभा आहे. जिथं मालकच बँक आहे, फोन कंपनी आहे किंवा हॉस्पिटल आहे, तिथं हे कलम सैल हाताने वाचलं तर ग्राहक म्हणून दिलेली सगळी माहिती नोकरीच्या नावाखाली ओढून घेता येईल. आशेची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत आहे: माहिती कोणी उघडली याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्या वर्षभर जपायच्या. मुख्य कर्तव्यं लागू व्हायला नियम आल्यापासून १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर शाखांनी ही सवय लावून घ्यायला हरकत नाही.

दुसरं पत्र बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, गेलं. त्यात पहिल्या उत्तरातलं ते वाक्य जसंच्या तसं घेतलं, कलम १३ चा उल्लेख केला, आणि उत्तर खातेदाराच्या नोंदवलेल्या पत्त्यावर घरी पाठवावं अशी स्पष्ट मागणी केली. बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याची तयारीही ठेवली होती. तेव्हा लागू असलेल्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल तर पोर्टलवर तक्रार करता येत होती. कागदावरची तक्रार चंदीगडच्या केंद्राकडे जायची. पण त्याच योजनेत मालक-कर्मचारी संबंधातला वाद घेतला जाणार नाही असं लिहिलं होतं. पहिल्या पत्रात हुद्दा न लिहिण्याचं खरं कारण हे होतं. एकदा का तक्रार 'स्टाफ मॅटर' ठरली की हा दरवाजा बंद.

लोकपालाकडे जावं लागलं नाही. नोडल अधिकाऱ्यांचं उत्तर घरी आलं. शिफारशीचं पत्र परत मागवून ते वाक्य नसलेली नवी शिफारस फाइलला लावली गेली, आणि झोनने तोंडी नव्हे तर लेखी सूचना काढली की कर्मचाऱ्याच्या कर्जाची छाननी तो काम करतो त्या शाखेबाहेर व्हावी. व्यवस्थापकांना समज देण्यात आली. त्यांना याहून मोठी शिक्षा व्हावी असं बाईंनाही वाटत नव्हतं, आणि मला ते योग्य वाटतं. त्यांना तसं लिहिण्यापासून अडवणारी कोणतीही सूचना त्या दिवसापर्यंत शाखेत नव्हती.

टेबल मात्र परत मिळालं नाही. पेन्शनच्या टेबलावरची नेमणूक नेहमीच्या रोटेशनच्या आदेशात आली, त्यात कारण लिहिलेलं नव्हतं आणि रोटेशन हा बँकेचा मान्य नियम आहे. वाक्य फाइलमधून गेलं तरी ज्यांनी ते वाचलं होतं त्यांच्या डोक्यातून ते गेलं की नाही, हे कोणत्याच पत्राने ठरवता येत नाही. बाईंनी यावर पुढे भांडायचं नाही असं ठरवलं. उपचार चालू होते आणि त्यांना ताकद तिकडे लावायची होती.

आता त्यांनी दुसऱ्या बँकेत बचत खातं उघडलं आहे. पगार आला की घरकर्जाच्या हप्त्यापुरती रक्कम ठेवून बाकीची तिकडे वळवतात आणि दवाखान्याचे, औषधांचे पैसे तिथून जातात. ज्यांचा मालकच सेवा देणारा आहे अशा प्रत्येकाला मी हे सुचवीन, मग तो फोन कंपनीत असो की हॉस्पिटलमध्ये. कंपनीचं सिम कामापुरतं, घरच्यांशी बोलायला दुसऱ्या कंपनीचं. तपासणी शक्यतो दुसऱ्या लॅबमध्ये. याने खर्च आणि धावपळ वाढते. घरकर्ज दुसरीकडे नेलं तर सवलतीचं व्याज जातं, म्हणून ते तिथंच राहतं, आणि त्याबरोबर यजमानांच्या उत्पन्नाचे कागदही. सूचना एका झोनपुरती आहे. ती संपूर्ण बँकेला लागू व्हावी आणि कर्मचाऱ्याचं खातं कोणी कधी उघडलं याची यादी त्याला मागता यावी, ही मागणी युनियनने वर पाठवली आहे. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.